शिफारशीचा रकाना

१८ नोव्हेंबर

दसरा झाला की आमच्याकडची गावं निम्मी होतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत बसून ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघून जातात. मागे म्हातारी माणसं आणि लेकरं. गुढीपाडव्यापर्यंत असंच. त्यामुळे जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या आम्हा लोकांचाही एक हंगाम असतो. या दिवसांत टेबलावर येणाऱ्या फायलींत 'आजीकडे राहतो', 'चुलत्याकडे राहते' ही वाक्यं फार.

आजची फाइलही आजीचीच. गावाचं नाव लिहीत नाही, तपशीलही बदलून लिहिते. ती सवय आता अंगात मुरली आहे. तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा भाऊ. वडील वारले, आईने दुसरं घर केलं. आजी सत्तरीला टेकलेली, गुडघ्यांनी बेजार, श्रावणबाळ योजनेच्या दीड हजारावर महिना काढणारी. अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीने सामाजिक तपासणी अहवाल मागवलाय. कायद्याने त्याला पंधरा दिवसांची मुदत.

निघायच्या आधी साहेबांनी आत बोलावलं. "मॅडम, त्या दोन मुलांचं संस्थेत बघा. त्या बालगृहात जागा रिकाम्या आहेत, संस्थेच्या अध्यक्षांचा फोन होता. वरूनही विचारणा झालीये." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "म्हातारी किती दिवस पुरणार? तुम्हीच सांगा."

शेवटचं वाक्य खोटं नव्हतं, हीच पंचाईत.

बालगृहाला अनुदान मिळतं ते मुलांच्या संख्येवर. मुलं घटली की अनुदान घटतं, मग स्वयंपाकीणबाई आणि काळजीवाहक यांचे पगार अडतात. म्हणून रिकामी खाट हे संस्थेला संकट वाटतं आणि मला ती चांगली बातमी वाटते. आमच्या मधे साहेब. त्यांच्याकडे मूळ पदाशिवाय आणखी दोन ठिकाणचा अतिरिक्त कार्यभार आहे आणि आढावा बैठकीत उभं राहून आकडा सांगावा लागतो तो त्यांना. ते वाईट नाहीत. वाईट असते तर माझं काम बरंच सोपं झालं असतं.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ३ मध्ये सोळा तत्त्वं दिली आहेत. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, तोही वाजवी चौकशीनंतरच, हे त्यातलंच एक. एसटीत बसले तेव्हा डोक्यात अहवाल जवळजवळ तयार होता. मुलं आजीकडेच राहावीत, बालसंगोपन योजनेचा, म्हणजे मूल घरीच सांभाळण्यासाठी मिळणाऱ्या मासिक मदतीचा, लाभ द्यावा. साहेबांना काय उत्तर द्यायचं, तेही मनात घोळवून झालं होतं.

१९ नोव्हेंबर

कालच्या भेटीचं नीट लिहायला आज वेळ मिळाला.

अंगणवाडीताई सोबत होत्या. आजीने आम्हाला बसायला पोतं टाकलं आणि पहिला प्रश्न तिनेच विचारला, "तुमी लेकरं न्यायला आलाव का?"

या प्रश्नाची सवय होत नाही. होऊही नये. मी कार्यालयात कंत्राटी आहे, माझ्या शब्दाला तिथे फारसं वजन नाही, अशी माझी तक्रार असते. त्या पोत्यावर बसल्यावर मात्र मी सरकार असते. घर कच्चं की पक्कं, शौचालय आहे का, घरात कुणाला व्यसन आहे का, शेजारी काय म्हणतात, असं सगळं मी विचारते आणि लिहून घेते. माझ्याच घरी येऊन कुणी असं विचारलं तर मी दारातून परत पाठवीन. आजीला ती सोय नाही. साहेबांसमोर मी जी व्यावसायिक स्वायत्तता मागते, ती इथे येताना कुणाच्या तरी घरात शिरण्याचा परवाना होते. समाजकार्याच्या वर्गात आम्हाला बिस्टेक यांची सात तत्त्वं पाठ करायला लावत: स्वीकार, गोपनीयता, स्वयंनिर्णय वगैरे. परीक्षेत दहा गुणांना यायची. वहीत 'स्वयंनिर्णय' अशिलाचा, म्हणजे ज्याच्यासाठी आपण काम करतो त्याचा, असतो असं लिहिलेलं आहे. अशिलाकडे निर्णय घेण्याजोगे पर्याय किती, हे वहीत नव्हतं.

आजीला बालसंगोपनाबद्दल सांगितलं. मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. पूर्वी ४२५ होते, मग ११०० झाले. तिने बोटांवर काही हिशेब केला आणि म्हणाली, "मह्या जिवात जीव हाय तवर संभाळीन. पर म्होरचं काय, त्ये तुमीच सांगा."

साहेबांचाच प्रश्न, दुसऱ्या तोंडून.

परत येताना कामाच्या ग्रुपवर सूचना येऊन पडलेली: गृहभेटीचा फोटो टाकावा, लोकेशनसह, मूल आणि पालक स्पष्ट दिसावेत. ग्रुपात तालुक्याची निम्मी यंत्रणा आहे. मी लिहिलं, "कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड होईल असं काही प्रसिद्ध करता येत नाही. भेट नोंदवहीत अंगणवाडीताईंची सही घेतली आहे, पान कार्यालयात सादर करते." त्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हे मात्र लिहिलं नाही. धमकीसारखं वाटलं असतं. कुणी उत्तर दिलं नाही. एकाने अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि थोड्या वेळाने ते काढूनही घेतलं.

कायदा आपले हात बांधतो अशी माझी सुरुवातीला समजूत होती. इतक्या वर्षांत उलटंच दिसलं. हात बांधते ती तोंडी सूचना, फोन, ग्रुपवरचा मेसेज. छापील कायद्यात माझ्यासारखीला उभं राहायला पुष्कळ जागा आहे, फक्त ती वाचून ठेवावी लागते.

२२ नोव्हेंबर

मुलीला आज शाळेत जाऊन एकटीला भेटले. घरी आजीसमोर ती एक शब्द बोलली नव्हती.

आधी शाळेचं, मग मैत्रिणींचं, मग कुणाला गणित आवडतं असं इकडचं तिकडचं. मग तीच म्हणाली, "मॅडम, मला वसतिगृहात टाका ना."

मी विचारलं, का गं. कारणं तिने अशी सांगितली की जणू पाठच करून आली होती. पहाटे पाण्याला जावं लागतं. भाकरी तीच करते. भावाचं आवरून देते. शाळा इथे सातवीपर्यंतच, आठवीला पाच किलोमीटर लांब जायचं आणि सोबतीला कुणी नाही. आणि मग, खाली बघत, "चुलती म्हणती, दोनेक सालात हिचाबी कोयता करून टाकू."

कोयता करायचा म्हणजे लग्न लावून द्यायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. राज्याची सरासरी ती. आमच्या भागात ती ऐकून कुणाला धक्का बसत नाही. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून गावात ग्रामसेवक असतो. पण चुलतीच्या तोंडचं एक वाक्य ही काही तक्रार होत नाही.

म्हणजे मुलगी मागतेय ते साहेब सांगतायत तेच, निदान निम्मं तरी. डोक्यात तयार असलेला अहवाल बाजूला ठेवावा लागला. कलम ३ मधलं संस्था-हा-शेवटचा-उपाय हे तत्त्व मी ढालीसारखं घेऊन निघाले होते. त्याच कलमात मुलाचा सहभाग हेही तत्त्व आहे: स्वतःविषयीच्या निर्णयात मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि त्याचं वय, समज पाहून ते विचारात घ्यायचं. सोळाच्या सोळा तत्त्वं एका दिशेला तोंड करून उभी राहतील असं कुणी कबूल केलेलं नाही.

आणि एक क्षुद्र विचारही आला. मी 'संस्था' असं लिहिलं तर कक्षात सगळे काय समजतील? फोन आला आणि मॅडम वाकल्या. शेजारच्या टेबलावरचे सहकारी तोंडावर बोलणार नाहीत, पण चहाला विषय होईल. वरिष्ठांना विरोध करणं म्हणजेच बाणा, अशी एक सवय आमच्यातल्या बऱ्याच जणांना लागते. वरचा माणूस जे म्हणतो ते पडताळून कधी बरोबर निघालं तर तसं लिहायलाही तितकाच कणा लागतो.

२३ नोव्हेंबर

प्राथमिक आरोग्य केंद्रातून फोन. सतरा वर्षांची, लग्न झालेली, तिसरा महिना. पुढे काय करायचं ते नर्सबाईंना ठाऊक होतं, मलाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवायचं. न कळवणं हाच गुन्हा. इथे माझ्या निर्णयाला जागाच नाही.

जागा आहे ती फक्त क्रमाला. मी गेल्यावर आधी तिला सांगितलं की तू मला जे सांगशील त्यातलं काय माझ्यापाशी राहील आणि काय मला पुढे कळवावंच लागेल. मग म्हटलं, आता तुला बोलायचं असेल तेवढं बोल. ती थोडंच बोलली. पुष्कळ जणी मुळात सरकारी दवाखान्यात येतच नाहीत ते याच भीतीने, आणि मग कुठे जातात ते विचारू नये.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासंबंधीच्या निकालात म्हटलं की अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने कलम १९ खाली माहिती देताना तिची ओळख सांगायची गरज नाही. न्यायालयालाच ही अडचण दिसली हे बरं झालं. पण ही सवलत गर्भपात करणाऱ्या डॉक्टरपुरती. या मुलीला तर मूल हवंय.

२६ नोव्हेंबर

आज संविधान दिन. सकाळी उद्देशिकेचं वाचन, दुपारी अहवाल.

सामाजिक तपासणी अहवालाचा फॉर्म २२ लांबलचक आहे. बहुतेक रकाने भरायला हात लागतो, डोकं लागत नाही. शेवटी निरीक्षणं आणि शिफारस. माझ्या सगळ्या नोकरीत माझं स्वतःचं असं जे काही आहे ते या शेवटच्या काही ओळींत. निर्णय समितीचा असतो. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. पण अध्यक्ष आणि चार सदस्यांपैकी कुणीही त्या वाडीवर गेलेलं नसतं. त्यांच्यासमोर ते घर येतं ते मी लिहिलेलं.

कॉलेजातली एक मैत्रीण इंग्लंडात बाल संरक्षणाचं काम करते. काल तिच्याशी बोलणं झालं. तिच्याकडे नोंदणी क्रमांक आहे. तिथे २०१९ पासून 'सोशल वर्क इंग्लंड' ही नियामक संस्था आहे, तिच्याकडे नोंद असल्याशिवाय सोशल वर्कर म्हणवून घेता येत नाही. आम्हाला वाटतं, अशी नोंदणी म्हणजे डोक्यावर आणखी एक साहेब. ती म्हणाली, "अगं, उलट आहे. मॅनेजरने अहवाल बदलायला सांगितला की मी म्हणते, माझी नोंदणी जाईल. मग तो गप्प बसतो."

आपल्याकडे डॉक्टरांची परिषद आहे, वकिलांची आहे, परिचारिकांची आहे. समाजकार्याचं शिक्षण मुंबईत १९३६ पासून दिलं जातंय, सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघालेल्या संस्थेत, जिला आज आपण टिस म्हणतो. इतकी वर्षं झाली तरी या व्यवसायाला वैधानिक परिषद नाही. म्हणून 'माझं व्यावसायिक मूल्य' असं मी म्हणते तेव्हा ते ऐकणाऱ्याला माझा स्वभाव वाटतो. "मॅडम जरा तत्त्वाच्या आहेत," असं माझ्याबद्दल बोललं जातं. डॉक्टरने चुकीचं प्रमाणपत्र द्यायला नकार दिला तर त्याला कुणी 'तत्त्वाचा' म्हणत नाही, त्याचं ते कामच समजतात.

बाकी माझी पाटी अशी: अकरा महिन्यांचा आदेश, मधे तांत्रिक खंड, मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार १८,५३६ रुपये मानधन. केंद्राचे साठ टक्के, राज्याचे चाळीस. पैसा सरकारचा आहे म्हणून आमची मूल्यं वाकतात असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. देणगीवर चालणाऱ्या संस्थेतही मी काम केलंय. तिथे देणगीदाराला सुखाचा शेवट असलेली गोष्ट लागायची आणि मुलांना गाणं म्हणायला उभं करायचे. सरकारचा पैसा त्यापेक्षा बरा, त्याच्यामागे निदान कायदा आहे. त्रास आहे तो अकरा महिन्यांचा.

शिफारशीत शेवटी असं लिहिलं. भाऊ आजीकडेच राहावा, त्याला बालसंगोपन योजनेचा लाभ द्यावा. मुलीने घराबाहेर राहून शिकण्याची इच्छा स्पष्ट सांगितली आहे, तिची कारणं वाजवी आहेत आणि तिच्या लग्नाची बोलणी लवकर निघण्याचा धोका दिसतो. तथापि बालगृहाऐवजी तालुक्याच्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात तिला प्रवेश द्यावा. ती निवासी शाळा आहे, आजीचं घर तिथून एका एसटीच्या अंतरावर आहे, सुटीत ती घरी येऊ शकेल. तीन महिन्यांनी दोघांचाही आढावा घ्यावा. 'तथापि' हा शब्द मी बोलताना कधीच वापरत नाही, अहवालात मात्र तो येतोच.

आणि एक वाक्य मुलीचं, तिच्याच शब्दांत, अवतरणात. चुलतीचं नाव न घेता.

२८ नोव्हेंबर

साहेबांनी अहवाल वाचला. पेन्सिलीने 'बालगृह?' असं समासात लिहून परत पाठवला. मी आत गेले.

"एक शब्द तर बदलायचाय, मॅडम. मुलीला बाहेर ठेवायचंच आहे ना? मग इथे काय आणि तिथे काय."

मी म्हटलं, "सर, कस्तुरबामध्ये ती विद्यार्थिनी असेल, बालगृहात ती 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' असेल. बाहेर पडायला तिथे समितीचा आदेश लागेल. अहवालावर माझी सही आहे. तुमचं मत वेगळं असेल तर टिपणीवर लिहा, मी अहवालासोबत जोडून पाठवते."

टिपणीवर लिहायचं म्हणजे ते त्यांच्या नावाने फाइलमध्ये राहणार. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग हसले आणि खोडरबराने समास स्वतःच साफ केला. "तुम्ही लोक भारी असता," म्हणाले. त्यात राग किती आणि सुटका किती, ते मला कळलं नाही. संस्थेच्या अध्यक्षांना सांगायला त्यांच्याकडे आता एक कारण होतं: मॅडमच ऐकत नाहीत. तेवढा उपयोग माझा होत असेल तर होवो.

४ डिसेंबर

समितीची बैठक. एका सदस्याने मुलीला जवळ बसवून, आम्हा सगळ्यांना बाहेर पाठवून, तिच्याशी बोलणं केलं. हे सगळीकडे होत नाही, म्हणून नोंदवून ठेवते.

आजीला मात्र शेवटी आत घेतलं आणि ती रडली. तिला वाटलं, नात तिला कंटाळून चालली. नातीने लाजून मान खाली घातली. माझ्या अहवालात आजीच्या या बाजूवर दोनच ओळी होत्या. त्या आणखी लांब केल्या असत्या तरी हे टळलं नसतं. दोघींचं म्हणणं खरं होतं आणि आदेश एकच निघणार होता.

आदेश शिफारशीप्रमाणे निघाला. आढावा मात्र तीनऐवजी दोन महिन्यांनी, कारण समितीला चुलतीचा प्रकार गंभीर वाटला. मला वाटला होता त्यापेक्षाही. बरं झालं. माझ्या मताच्या वर आणखी कुणी तरी असावं, आणि त्याने फक्त फोन न करता वाचून, विचारून, लेखी मत द्यावं, एवढीच तर माझी मागणी आहे.

११ डिसेंबर

कार्यमूल्यमापनाचा तक्ता आला. गृहभेटींची संख्या, पोर्टलवरच्या नोंदी, बैठकांची उपस्थिती, वरिष्ठांच्या सूचनांचं पालन. शेवटच्या रकान्यात 'समाधानकारक'. पुनर्नियुक्तीला तेवढं पुरतं, असं लेखाविभागातले भाऊ म्हणाले. अहवाल कसा लिहिला याला रकाना नाही. असावा का, याबद्दल माझं मत रोज बदलतं. तो आला की त्याचाही लक्ष्यांक येईल.

कस्तुरबाच्या गृहप्रमुख मॅडमनी जागा आहे म्हणून कळवलं. वर्षाच्या मधेच शाळा सोडल्याचा दाखला द्यायला मुख्याध्यापक कुरकुरत होते, समितीचा आदेश दाखवल्यावर दिला. भावाच्या प्रकरणात अडकलंय ते आजीचं बँक खातं. केवायसी झालेली नाही आणि अंगठा मशीनवर उमटत नाही, इतकी वर्षं भाकरी थापून रेषा झिजल्यात. मी अंगणवाडीताईंच्या फोनवरून तिला म्हटलं, सोमवारी बँकेत जाऊ, मी येते.

"सोमवारी बाजार असतो," आजी म्हणाली. "मंगळवारी या."

मंगळवार ठरला.